हलाल आहे, पण तय्यब आहे काय?

बंधूंनो! आपले शरीर ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे, हे आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतो आणि दस्तरख्वानवर बसताच विसरतो. समोरचा पदार्थ हलाल आहे काय, याची चौकशी आपण दक्षतेने करतो. ती केलीच पाहिजे. परंतु दिव्य कुरआनने सूरह बकरामध्ये 'हलाल'ला 'तय्यब' हा शब्द जोडला आहे, तर सूरह आराफमध्ये खाण्यापिण्याची अनुमती देतानाच अतिरेकास मनाई केली आहे. वनस्पती तुपात तळलेला समोसा हलाल असेल. त्याला तय्यब म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

"मी तर सडपातळ आहे, मला काय भीती?" असे अनेक पुरुष म्हणतात. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. म्हणजे वजनकाटा आपल्या लोकांना पुरेसे सत्य सांगत नाही. पुरुषांची चरबी बहुधा पोटात, आतडी व यकृत यांच्याभोवती साठते. ती तेथे स्वस्थ बसत नाही. इन्सुलिनचे कार्य बिघडविते आणि रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढविते. म्हणूनच दक्षिण आशियाई पुरुषांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर मानली गेली आहे. मांसाची चरबी व तूप यांतील संपृक्त स्निग्धांशाने एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते व ते हृदयाच्या धमन्यांच्या भिंतीत साचत जाते. ट्रान्स फॅट तर त्याहून घातक, कारण ते उपकारक एचडीएलही घटविते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण दिली. आपल्या वलिम्यांत आणि इफ्तारच्या मेजवान्यांत श्वासाचा भाग कोणता उरतो? दिवसभराचा रोजा तासाभराच्या तळणाने भरून काढणे, ही रमजानची शिकवण खचितच नव्हे.

ह. अबू दरदा (रजि.) उपासनेत इतके मग्न झाले की घरादाराकडे दुर्लक्ष होऊ लागले. तेव्हा ह. सलमान (रजि.) यांनी त्यांना स्वतःच्या जिवाचा व पत्नीचाही हक्क असल्याची जाणीव करून दिली, आणि प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरविले. इबादतीपायी जे हक्क डावलता येत नाहीत, ते बिर्याणीपायी कसे डावलता येतील? कर्त्या पुरुषाचे हृदय बंद पडते तेव्हा पत्नी व लेकरांचा आधारही जातो.

काहीजण तकदीरचा दाखला देतात. परंतु प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधण्यास व मग अल्लाहवर भरवसा ठेवण्यास सांगितले, तसेच औषधोपचार करण्याचीही आज्ञा दिली. छातीत दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अशा वेळी 'पित्त झाले असेल' म्हणून रात्र काढणे हा तवक्कुल नव्हे. तात्काळ १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.