पांग

आमच्याकडं गरिबाच्या पोराला नोकरी लागली, की पारावरची म्हातारी माणसं हमखास एक वाक्य बोलतात. "आईबापाचे पांग फेडले बघा पोरानं." मग ते पोरगं मिलिटरीत गेलेलं असो, तलाठी झालेलं असो, नाहीतर पुण्याला कुठल्या कंपनीत चिकटलेलं असो. वाक्य तेच. ऋण, उपकार हे शब्द काही त्यांना माहीत नाहीत असं नाही. पण ते ओठावर येत नाहीत, पांगच येतो. पांग म्हणजे मुळात उणीव, ददात. घरात जे कधी नव्हतंच, ते. कर्ज असलं तर ते ज्याचं त्याला परत करायचं असतं. उणीव कुणाला परत करता येत नाही, ती जिथं असेल तिथं जाऊन भरावी लागते. या दोन गोष्टींतला फरक मला एका फुटबॉल खेळणाऱ्या माणसाकडं बघताना नीट कळला.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला वाटेल, ह्या खेड्यातल्या माणसाला फुटबॉल कुठनं आठवला? पण आमच्या भागाला कुस्तीइतकंच या खेळाचं वेड आहे. शहरातल्या तालमींचे, पेठांचे आपापले संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की अर्धं शहर गॅलरीत असतं. ऊस कारखान्याला गेला की आम्ही गावाकडची पोरंही एसटीनं सामने बघायला जायचो. शेंगा खात, ओरडत, घसा बसेपर्यंत. त्या गॅलरीत एक वाद कायम चालायचा. दोन पोरांच्या पायात सारखंच कसब असतं. एक पुढं जातो, दुसरा दोन हंगामांत गायब होतो. असं का?

"भूक पायजे, भूक," असं कुणीतरी ठासून सांगायचं. बाकीचे माना डोलवायचे.

मला ते कधी पुरतं पटलं नाही. भूक काय, आमच्या निम्म्या गावाला होती. तिनं माणसं पळतात हे खरं, पण भाकरी मिळाली की थांबतात. ज्याच्या सात पिढ्या बसून खातील एवढा पैसा झाला, तो पावसात, चिखलात, शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या गोलापर्यंत परत का पळतो? तिथं भुकेचा हिशेब लागत नाही.

सादिओ माने हा आफ्रिकेतल्या सेनेगल देशाचा खेळाडू. जन्म १९९२ चा. गाव बांबाली, देशाच्या दक्षिणेला कासामांस नदीच्या मुलखात. राजधानी डाकारपासून लांब, आडबाजूला. तो सात वर्षांचा असताना वडील पोटाच्या दुखण्यानं आजारी पडले. गावात दवाखाना नव्हता. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग त्यांना दुसऱ्या गावाला नेलं, आणि तिथंच ते गेले. पोरगं त्या वेळी मैदानावर होतं. खेळ सुरू व्हायच्या बेतात होता, तेवढ्यात चुलतभाऊ आला आणि म्हणाला, तुझे वडील गेले. त्याला ती थट्टा वाटली. सात वर्षांच्या पोराला आणखी काय वाटणार?

हे मी वाचलं आणि बराच वेळ पुढचं वाचवेना. कारण ही गोष्ट मला नवी नव्हती. आमच्या गावातही दवाखाना नव्हता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की गाव बेटासारखं तुटायचं. माझी धाकटी चुलती बाळंतपणात अडली, तेव्हा चार माणसांनी बाज खांद्यावर घेतली आणि पाणी ओसरायची वाट बघत ओढ्याकाठी उभी राहिली. पाणी ओसरलं, पण तोवर उशीर झाला होता. तिचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ, तेव्हा आठ वर्षांचा होता. तो काठावर गोट्या खेळत होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

मानेच्या घरच्यांना फुटबॉल पसंत नव्हता. पोरानं शिकावं असं त्यांचं म्हणणं. २००२ च्या विश्वचषकात सेनेगलनं पहिल्याच सामन्यात जगज्जेत्या फ्रान्सला १-० नं हरवलं, तेव्हा हा दहा वर्षांचा होता. त्यानंतर त्याच्या डोक्यातनं खेळ निघाला नाही. पंधराव्या वर्षाच्या आसपास तो घरात न सांगता डाकारला पळाला. घरच्यांनी शोधून परत आणला. शेवटी तडजोड झाली, शाळेचं वर्ष पुरं कर, मग जा. डाकारला निवड चाचणीला उभा राहिला तर बूट फाटलेले, चड्डी खेळायची नव्हे. निवड करणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलंच, असल्या बुटांनी खेळणार काय? तो म्हणाला, माझ्याकडचे सगळ्यांत चांगले हेच आहेत. मैदानात उतरल्यावर मात्र म्हाताऱ्यानं त्याला लगेच निवडला.

पुढचं सगळं जगजाहीर आहे. फ्रान्समधलं मेट्झ, ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग, मग इंग्लंड. २०१५ साली साउदॅम्प्टनकडून त्यानं १७६ सेकंदांत तीन गोल केले. लिव्हरपूलकडून २०१९ ला चॅम्पियन्स लीग जिंकली, पुढच्या वर्षी प्रीमियर लीग. आणि २०२१ साली बांबालीत एक दवाखाना उभा राहिला. त्यासाठी मानेनं सुमारे पाच लाख पौंड दिले होते, म्हणजे आपले पाचेक कोटी रुपये. त्याआधी शाळेसाठीही दिले होते. आपली बहीणसुद्धा दवाखाना नसल्यामुळं घरीच जन्मली, असं त्यानं एकदा सांगितलं होतं.

आता बघा. ज्याचे पांग फेडायचे तो बाप तर केव्हाच मातीत गेला. दवाखाना झाला म्हणून तो परत येणार नाही. कर्ज असतं तर सावकार मेल्यावर वही बंद झाली असती. पण ही उणीव होती आणि ती गावात तशीच उभी होती, दुसऱ्या कुणाच्या बापाची वाट बघत. ती भरत राहणं एवढंच हातात होतं. मला वाटतं, अशा माणसाला चालवत ठेवणारी गोष्ट हीच. फिटणार नाही हे ठाऊक असतं, म्हणून तो थांबत नाही.

माझ्या चुलतभावानं मोठेपणी कर्ज काढून जीप घेतली आणि वडाप सुरू केलं. दिवसा माणसं कोंबून कोंबून नेणारा हा गडी रात्री दाराशी कुणी आजारी माणसासाठी आलं, की एक पैसा घ्यायचा नाही. डिझेल सुद्धा स्वतःचं. वहिनी चिडायची. मी एकदा त्याला विचारलं, तर म्हणाला, "आईला गाडी मिळाली न्हाई. दुसरं काय?" पाच कोटी आणि पाच लिटर डिझेल यांची बरोबरी कशी करणार? पण दोघांना उठवणारी गोष्ट एकच आहे, असं मला वाटत आलंय.

तरी एवढ्यावर विषय मिटत नाही. पांग माणसाला मैदानापर्यंत नेतो, पण बॉलला लाथ मारताना तो मनात असेल तर पाय जड होतो. २०१७ च्या आफ्रिकी चषकात कॅमेरूनविरुद्ध पेनल्टीवर निकाल लागायचा होता. सेनेगलची शेवटची पेनल्टी मानेची. गोलकीपरनं अडवली आणि सेनेगल स्पर्धेबाहेर गेला. २०१९ ला अंतिम सामन्यात अल्जीरियाकडून हार. मग ६ फेब्रुवारी २०२२, पुन्हा अंतिम सामना, समोर इजिप्त. सातव्याच मिनिटाला पेनल्टी मिळाली, मानेनं मारली, आणि तीही अडवली गेली. सेनेगलनं तोवर हा चषक कधीच जिंकलेला नव्हता. त्यानंतर तो माणूस शंभरावर मिनिटं पळत राहिला. सामना बरोबरीत सुटला, पुन्हा पेनल्ट्या, आणि जिंकून देणारी लाथ मारायला पुन्हा हाच पुढं आला. ती आत गेली.

त्या क्षणी त्याच्या मनात बाप होता, गाव होतं, असं लिहायला बरं वाटेल. मला मात्र उलट वाटतं. तिथं फक्त बॉल असणार. सात वर्षांचं पोरगं निरोप यायच्या आधी जसं खेळायला उभं होतं, तसंच. ज्याला खेळाचा असा निव्वळ आनंद नाही, त्याला पांग नुसता चिरडून टाकील.

आणि पांग फेडणारा माणूस देव होतो असंही नाही. लिव्हरपूलमधल्या मशिदीत शौचालयं धुवायला हातभार लावणारा हाच माने एप्रिल २०२३ मध्ये बायर्नकडून खेळताना हरलेल्या सामन्यानंतर सहकाऱ्याशी भिडला. क्लबनं दंड केला आणि एका सामन्यातून वगळलं. आतल्या आगीवर भाकरी भाजते, तशी कधी बोटंही भाजतात. चूल तीच असते.

राहिला खरा बोचणारा प्रश्न. एका गावाला दवाखाना मिळायला एका पोरानं जगातला नामांकित खेळाडू व्हावं लागतं, ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. दवाखाना सरकारनं द्यायचा असतो. आणि त्याच मैदानावर फाटक्या बुटात खेळणारी बाकीची पोरं? त्यांच्याही घरात उणीव होतीच. कुणाचा गुडघा गेला असेल, कुणाला म्हातारा भेटला नसेल. त्यांनी पांग फेडले नाहीत असं म्हणणं हा अन्याय आहे. माझ्या चुलतभावाचं नाव कुठल्या पेपरात आलं नाही, पण आमच्या वाडीतली निदान पाच-सहा पोरं त्याच्या जीपमुळं सुखरूप जन्मली.

त्याच चुलतभावाचा नातू आता कोल्हापुरात एका तालमीच्या पोरांच्या संघात खेळतो. मागच्या महिन्यात त्याचा बाप मला सांगत होता, "काका, ह्याला रोज सांगतोय, लेका, आमचे पांग तुलाच फेडायचेत, मन लावून खेळ." पोरगं बाजूला बसून बुटाची नाडी ओढत होतं. मी म्हटलं, "हे त्याला सांगू नको. आपल्या घरात काय कमी आहे ते त्याला दिसतंय. तुझ्या आज्जीची गोष्ट तेवढी एकदा सांग, आणि खेळू दे."