निळीची खूण

कोल्हापुरातल्या एका मुलीसाठी तिच्या वडिलांनी जुनं एअर पिस्तूल घेतलं. क्लबातल्या एका मोठ्या खेळाडूनं नवं मागवलं होतं, त्याचं जुनं हप्त्यानं मिळालं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे ही नावं ज्या जिल्ह्यात घरोघर माहीत आहेत, तिथं पोरीनं नेमबाज व्हायचं म्हटलं तर कुणी वेड्यात काढत नाही. पैसे तेवढे जमवावे लागतात.

वडिलांनी नळी बघितली, सिलिंडर बघितला, ट्रिगर दाबून बघितला. मुठीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. जुनं पिस्तूल घेताना बहुतेकांचं असंच होतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं. नळी सगळ्यांना सारखीच. मूठ मात्र ज्याच्या त्याच्या हाताची. कंपन्या अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत देतात, डावखुऱ्यांसाठी वेगळी देतात. पण ती फक्त सुरुवात. पुढं जो वापरतो तो ती आपल्या पंजासाठी कोरतो, भरतो, घासतो. त्यामुळं जुनी ग्रिप म्हणजे दुसऱ्याच्या पायाला रुळलेली चप्पल.

मुलीला ती टोचायची. अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या मांसल भागात, लाकडाचा एक उंचवटा रुतायचा. सामन्यात 75 मिनिटांत 60 छर्रे मारायचे, म्हणजे तेवढ्या वेळा हात उचलायचा आणि ठेवायचा. चाळिसाव्या छर्ऱ्यापर्यंत तिच्या तळहातावर लाल वळ उठायचा.

सरांनी तिला एक परीक्षा शिकवली होती. मूठ धरायची, डोळे मिटायचे, हात उचलायचा, मग डोळे उघडायचे. पिस्तूलच टार्गेटच्या बाजूला गेलं असेल तर पाय सरकवायचे. पण नेम धरायची पुढची माशी मागच्या खाचेत मधोमध नसेल, तर दोष मुठीचा. तिची माशी रोज डावीकडं दिसायची. रोज तेवढीच.

एका रात्री तिनं काचकागद घेतला आणि तो उंचवटा घासून काढला. मग बोटांच्या खाचांच्या कडाही टोचतात असं वाटलं, त्याही गोल केल्या. सगळीकडून गुळगुळीत करून वर घरातलं चकचकीत वॉर्निश दिलं. तळहाताखालची फळी वर सरकवून घट्ट आवळली, म्हणजे हात हलायला नको. सकाळी मूठ हातात धरली तर लोण्यासारखी.

त्या आठवड्यात तिचे गुण उतरले. पुढच्या आठवड्यात आणखी उतरले. तिनं आणखी घासलं, मग जिथं जास्त गेलं तिथं पुट्टी लावली, मग पुट्टी घासली. महिनाभरानं ती मूठ धड कंपनीची राहिली नव्हती, धड तिची झाली नव्हती. शेवटी वडील तिला घेऊन गंगावेशीत एका म्हाताऱ्या सुताराकडं गेले. म्हातारा देव्हारे करायचा. पिस्तूल त्यानं जन्मात हातात धरलं नव्हतं.

“काय दुखतंय?” त्यानं विचारलं.

“आता काहीच दुखत नाही आजोबा. पण नेम लागत नाही. रात्र रात्र बसलो मी याला घेऊन.”

“आधी दुखत हुतं?”

“हो.”

“तवाचे कागद हायत?”

तिच्या पिशवीत होते. म्हाताऱ्यानं जुनं टार्गेट आणि नवं टार्गेट शेजारी शेजारी ठेवलं. जुन्यावर भोकांचा झुबका होता, मध्यापासून जरा खाली आणि डावीकडं, पण झुबका. नव्यावर भोकं चारी दिशांना पांगली होती. त्याला दहाचं वर्तुळ कुठलं हेसुद्धा सांगावं लागलं. ते 11.5 मिलिमीटरचं असतं आणि नेम दहा मीटरवरून धरायचा असतो. माशी आणि खाच यांच्यात साधारण फूटभर अंतर. तिथं माशी मिलिमीटरभर सरकली की टार्गेटवर छर्रा तीन सेंटीमीटरच्या आसपास सरकतो. हे ऐकून म्हातारा बराच वेळ बोलला नाही.

मग त्यानं फळकुटावर सरळ रेघ मारायच्या सुताचा डबा काढला. त्यात नीळ होती. चिमूटभर नीळ त्यानं मुलीच्या तळहातावर चोळली.

“धर.”

तिनं मूठ धरली, हात उचलला, खाली ठेवला. लाकडावर निळा ठसा उमटला. म्हाताऱ्यानं पेन्सिलीनं ठशाच्या कडेनं रेघ ओढली, ओल्या फडक्यानं नीळ पुसली.

“पुन्हा धर.”

असं दहा वेळा झालं. दहाव्या वेळी त्यानं मूठ उजेडात नेली. पेन्सिलीच्या दहा रेघा होत्या आणि एकही दुसरीवर बसत नव्हती. कुठं अंगठ्याचा मांसल भाग वर चढला होता, कुठं करंगळी खाली घसरली होती. मुलगी बघतच राहिली. प्रत्येक वेळी आपण सारखंच धरतोय, अशी तिची पक्की खात्री होती.

“पोरी, तू हिची उशी केलीस,” म्हातारा म्हणाला. “उशीवर डोकं कसंबी टेकतंय, म्हणून बरं वाटतंय. मुठीचं तसं न्हाई. मुठीत हाताला एकच घर पायजे. दुसरीकडं गेला तर लाकडानं सांगाया पायजे, इथं न्हाई, म्हणून.”

त्यानं आपला रंधा तिच्या हातात दिला. मागची मूठ त्याच्या अंगठ्यानं इतक्या वर्षांत खोलगट झाली होती. मुलीचा अंगठा त्या खळग्यात पोचेना. मग त्यानं स्वतः धरला, आणि अंगठा न बघता तिथं जाऊन बसला. त्या अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढा घट्टा होता.

काम सात रविवार चाललं. म्हाताऱ्यानं आधी वॉर्निश खरवडून काढलं. घामानं ते निसरडं होतं. मग पुट्टीनं तो उंचवटा पुन्हा उभा केला, आधीपेक्षा जरा जास्तच. मुलीनं सरावावरून थेट यायचं, अशी त्याची अट होती. गार हात बारीक असतो, तासभर काम केल्यावर फुगतो; माप फुगलेल्या हाताचं घ्यायचं. आला हात की नीळ, ठसा, रेघ. जिथं दहाही वेळा ठसा गडद पडेल तिथं कानशीचे दोन-तीन हात, आणि बास. “उरलेलं पुढच्या ऐतवारी.” घासलेलं लाकूड परत येत नाही, पुट्टी ही उधारी आहे, एवढंच तो म्हणायचा. मुलीला तगमग व्हायची. एका रविवारी तर त्यानं फक्त ठसे घेतले आणि कानस हातातही धरली नाही.

तळहाताखालची फळी त्यानं सैल केली. हात फुगल्यावरही पोस्टकार्ड सरकेल एवढी फट ठेवली. तिनं एकदा सुचवलं, की पुट्टी वर चढवून हाताच्या मागून गुंडाळली तर हात हलणारच नाही. पण सरांनी सांगितलं की नियमात ते बसत नाही. मुठीनं हाताला वेढा घालायचा नाही, फळी वरच्या बाजूला वळवायची नाही. म्हाताऱ्याला हा नियम फार आवडला. बांधलेला हात काय काम करणार, म्हणाला.

सहाव्या रविवारी दहा रेघांची जवळजवळ एक रेघ झाली. मुलीनं डोळे मिटून हात उचलला. माशी खाचेत मधोमध होती.

“पण आजोबा, अंगठ्यापाशी अजून जरा टोचतंय.”

“किती?”

“थोडंसं. आधीएवढं नाही.”

“मग ऱ्हाऊ दे. हात घरात आलाय ह्ये तुला त्येच सांगणार हाय.”

सातव्या रविवारी त्यानं खिळ्याचं टोक घासून बारीक केलं आणि तळहात टेकतो तेवढ्या जागेत हलक्या हातोडीनं हजारो टोचे मारले, घामातही पकड राहावी म्हणून. मग फडक्यानं जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात दिले, दोन्हींच्या मध्ये एक दिवस सोडून. देव्हाऱ्याला तो लाखेचं पॉलिश चढवायचा. इथं त्यानं ते काढलंही नाही. पैसे विचारले तर म्हणाला, नीळ किती गेली तेवढे द्या.

पुढच्या स्पर्धेत हत्यार तपासणीच्या टेबलावर तिचं पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या खोक्यात बसवून बघितलं. ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन लावून उचललं. तपासनिसानं मूठ फिरवून बघितली आणि तो थांबला. टोच्यांच्या तळाशी, तेलाखाली, निळे ठिपके दिसत होते. नीळ पुसली गेली होती, पण जिथं दर रविवारी हात बसला तिथं ती लाकडात मुरली होती.

“हे काय?”

“नीळ आहे सर. हात कुठं ठेवायचा त्याची खूण.”

त्यानं ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, फळीचा कोन बघितला, मुठीवर तपासणीचं स्टिकर लावलं आणि पिस्तूल तिच्यासमोर ठेवलं. तिनं न बघता हात घातला.