कशाचा व्यापार?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जुन्या बंदरात आता मालापेक्षा पर्यटकच जास्त उतरतात. इथेच बांधलेली आणि १८४३ मध्ये पाण्यात उतरवलेली 'एसएस ग्रेट ब्रिटन' ही लोखंडी आगबोट पाहायची, धक्क्यावर कॉफी प्यायची आणि सागरी वारसा पाहिला म्हणायचे. बोट खरोखर देखणी आहे, यात वाद नाही.

याच शहराचा एक मानकरी एडवर्ड कोलस्टन. शाळांना, निराधारांच्या आश्रयस्थानांना त्याने सढळ हाताने पैसा दिला. ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीत तो वरच्या पदावर होता, ती आफ्रिकेतली माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपार विकायला नेत असे. त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १८९५ मध्ये शहराने त्याचा पुतळा उभारला आणि खाली त्याच्या सद्गुणांची ग्वाही कोरली. ७ जून २०२० रोजी जमावाने तो पाडला, ओढत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. जवळच पेरोचा पूल आहे. पेरोला एका ऊसमळेवाल्याने नेव्हिस बेटावर बालवयातच विकत घेतले आणि पुढे ब्रिस्टलच्या घरी नोकर म्हणून आणले.

जमावाने पुतळे पाडणे मला रुचत नाही. पण आधीची हकिगत कळली की तो राग फार टिकत नाही. कोलस्टनच्या गुलामव्यापाराची नोंद करणारा दुसरा फलक पुतळ्याखाली लावायचे ठरले होते. मग मजकुरावरून घासाघीस सुरू झाली. हा उल्लेख गाळा, तो शब्द सौम्य करा. फलक शेवटपर्यंत लागलाच नाही. शहराला चार खऱ्या ओळींवर एकमत करता आले असते, तर कदाचित दोरखंड लागले नसते. आज कोलस्टन तिथल्या संग्रहालयात आडवा पडलेला आहे, जमावाने फासलेल्या रंगासकट.

हे वाचताना मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानातून जे. जे. रुग्णालय उभे राहिले आणि त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूचा मोठा वाटा होता. जमशेटजी म्हणजे कोलस्टन नव्हेत आणि त्यांच्या पुतळ्याला कोणी हात लावावा, असे मला मुळीच वाटत नाही. त्या रुग्णालयात बऱ्या झालेल्या रुग्णांची कृतज्ञता खरी आहे. अफूपायी कँटनमध्ये ज्यांची घरे बसली, त्यांचे गाऱ्हाणेही तितकेच खरे आहे. मुलांना 'दानशूर व्यापारी' असे शिकवताना कशाचा व्यापार, हेही त्याच वाक्यात सांगायला आपल्याला काय अडचण आहे?