५४ मिलिमीटरचा त्रास

वर्षानुवर्षं मुरवून ठेवायच्या महागड्या वाइनच्या बाटलीला जे बूच असतं, ते कधीकधी ५४ मिलिमीटर लांब असतं. साध्या बाटलीचं ३८, फार तर ४५. फरक सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. पण खिशात मावणारा कॉर्कस्क्रू नेमका एवढ्याशा फरकापाशी हरतो. बूच अर्धं वर येतं, वाकतं आणि मधेच तुटतं. खालचा तुकडा बाटलीच्या मानेत अडकून बसतो आणि भुगा वाइनमध्ये पडतो.

गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी मी हे हरणं कसं थांबवता येईल, यावर कागद काळे करतोय. नोकरी सॉफ्टवेअरची आहे, पण पदवी मेकॅनिकलची आहे आणि ती अधूनमधून डोकं वर काढते. मी स्वतः वाइन फारशी पीत नाही. मला त्या आकृतीचं आकर्षण आहे. एक मित्र मात्र त्या आकृतीकडे बघून म्हणाला, "अरे, धायरीत उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, आणि तू श्रीमंतांच्या बाटल्या उघडत बसलायस?"

हा टोमणा नुसता टोमणा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या हाताशी थोडी बुद्धी आणि थोडे रविवार असतात. ते कशावर खर्च करायचे याला काही नियम आहे का? त्याआधी प्रश्न नीट समजून घेऊ, कारण काम क्षुल्लक आहे की नाही हे ते आतून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

*

बूच मुळात २४ मिलिमीटर जाड असतं आणि बाटलीच्या मानेचं आतलं भोक असतं साधारण साडेअठरा. म्हणजे ते दाबून आत बसवलेलं असतं आणि पुढची सगळी वर्षं ते काचेला रेटत राहतं. म्हणून तर ते गळत नाही. बाहेर काढताना २० ते ४० किलो वजन उचलण्याइतका जोर लागू शकतो. सगळ्यात जास्त जोर लागतो तो बूच जागचं हलण्याच्या क्षणी. एकदा हललं की काचेला टेकलेला भाग कमी होत जातो आणि ओढणं सोपं होतं.

या कामासाठी माणसानं बरंच डोकं लढवलंय. बंदुकीच्या नळीत अडकलेली गोळी काढायचं मळसूत्र आधीपासून होतं, त्याचाच हा भाऊबंद. १७९५ साली इंग्लंडमधल्या सॅम्युअल हेन्शल नावाच्या पाद्र्यानं कॉर्कस्क्रूचं पहिलं पेटंट घेतलं. त्यानं मळसूत्राच्या वर एक चकती बसवली. मळसूत्र पुरतं आत गेलं की चकती बुचाला टेकते आणि बूच स्वतःच फिरून काचेपासून सुटतं. १८८२ साली जर्मनीत कार्ल विंके यांनी घडीचा, तरफेचा कॉर्कस्क्रू आणला. आज वेटरच्या खिशात असतो तो हाच, आणि इंग्रजीत त्याचं नावच 'वेटरचा मित्र' असं आहे.

हा मित्र म्हणजे शाळेत शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ. टेकू एका टोकाला, भार मधे, बल दुसऱ्या टोकाला. आजीचा अडकित्ता असाच असतो. अडकित्त्यात जिथे सुपारी, तिथे इथे मळसूत्र. पण सुपारी जेमतेम दोन सेंटिमीटरची, ती फुटली की काम संपलं. बूच मात्र सगळ्या लांबीनं आणि सरळ वर उचलायचं असतं. तरफेचं कुठलंच टोक सरळ जात नाही, ते वर्तुळात फिरतं. सगळी भानगड इथे आहे.

समजा, टेकूपासून मळसूत्र ३० मिलिमीटरवर आहे. एका दमात ५४ मिलिमीटर उचलायचे तर मूठ आडव्या रेषेच्या खाली ६४ अंशांपासून वर ६४ अंशांपर्यंत फिरवावी लागेल. तेवढ्यात मळसूत्राचं डोकं जवळपास १७ मिलिमीटर बाजूला सरकेल. टेकूचा पायही थोडा कलतो, त्यामुळे प्रत्यक्षात सगळा १७चा ताण बुचावर येत नाही, पण जो येतो तो त्याला मोडायला पुरतो. मग ३०चे ६० मिलिमीटर केले तर? सरकणं बरंच कमी होतं, पण तरफेचा फायदा निम्म्यावर येतो. तो भरून काढायचा तर मूठ दुप्पट लांब करावी लागेल, आणि मग ती खिशात मावणार नाही. जोर, उंची आणि खिसा या तिघांपैकी दोघांना खूश केलं की तिसरा रुसतो.

यावरचा उपाय बाजारात आहेच. टेकूच्या पायाला दोन खाचा. आधी वरच्या खाचेवर अर्धी उचल, मग खालच्या खाचेवर उरलेली. २७-२७ मिलिमीटरचे दोन टप्पे केले की तेच सरकणं १७ वरून तीनाच्या आसपास येतं. प्रश्न जवळजवळ सुटला. उरतं ते मळसूत्र. ते बहुतेकदा पाच वेढ्यांचं असतं आणि ५४च्या बुचाला तोकडं पडतं. खालचा सेंटिमीटरभर भाग पकडीबाहेर राहतो आणि जुनं, ठिसूळ झालेलं बूच नेमकं तिथे तुटतं.

म्हणून माझ्या आकृतीत सहावा वेढा आहे आणि तिसरी खाचही आहे. तीन टप्प्यांत १८-१८ मिलिमीटर उचललं की सरकणं दीड मिलिमीटरच्या आत येतं. कागदावर हे फारच देखणं दिसतं.

*

आता मित्राच्या टोमण्याकडे.

त्यावर एक सोपं उत्तर आहे. माझा रविवार वाचला म्हणून कुणाच्या टाकीत पाणी पडत नाही. बुद्धी ही टँकरसारखी इकडून तिकडे वळवता येणारी गोष्ट नाही. ज्याला तरफेचं वेड आहे, तो तरफेवरच नीट काम करेल. उत्तर खरं आहे, पण फार सोयीचं आहे. आमच्या व्यवसायातला प्रत्येक जण ते देतो. किराणा वीसऐवजी दहा मिनिटांत पोचवणारं ॲप लिहिणाराही हेच म्हणेल, आणि लोकांचं बोट स्क्रीनवर आणखी थोडा वेळ कसं रेंगाळेल याचा हिशेब करणाराही हेच म्हणेल. जे उत्तर सगळ्यांना लागू पडतं, त्यातून काहीच ठरत नाही.

दुसरं उत्तर असं की, कारागिरी हीच तिची किंमत. वस्तू कशासाठी आहे ते विचारू नका, ती नीट झाली की नाही एवढंच पाहा. हेही मला अर्धंच पटतं. नीट केलेल्या कामाचा आनंद खरा असतो. पण त्या आनंदाला काम कुणासाठी आहे याच्याशी देणंघेणं नसतं. तो चांगल्या कुलपात मिळतो, तसा ते कुलूप फोडायच्या हत्यारातही मिळतो.

मला पटतो तो प्रश्न वेगळा आहे: ही वस्तू कुणाचा त्रास कमी करते, आणि तो त्रास नंतर कुठे जातो?

कारण त्रास सहसा नाहीसा होत नाही, तो सरकतो. दहा मिनिटांत किराणा येतो तेव्हा माझे जिन्यावरून खाली जायचे कष्ट वाचतात. ते सिंहगड रोडच्या गर्दीत गाडी घालणाऱ्या मुलाच्या पाठीवर जातात. माझा त्रास छोटा होता, त्याचा मोठा झाला. इथे आम्ही प्रोग्रॅमर लोकांनी त्रास फक्त हलवलाय, आणि हलवताना वाढवलाय.

या फूटपट्टीनं कॉर्कस्क्रूकडे पाहिलं की मित्राचं एक गृहीत चुकतं. लांब बुचाची बाटली उघडतो कोण? ज्याची ती वाइन असते, तो बहुतेकदा नाही. ती उघडतो टेबलाशेजारी उभा असलेला माणूस, गाव सोडून शहरात आलेला, बावीस-तेवीस वर्षांचा. बाटली महाग असते, समोर चार माणसं बघत असतात, आणि बूच तुटलं तर चूक बुचाची धरली जात नाही, त्याची धरली जाते. त्या बाटलीतला थेंबही त्याचा नाही, पण तुटलेलं बूच मात्र त्याचं. खिशात मावायची अट का आहे, तर तो खिसा त्याच्या गणवेशाचा आहे. घरी पिणाऱ्याला टेबलावरचं मोठं यंत्र चालतं. अमेरिकेतल्या टेक्सासच्या हर्बर्ट ॲलन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घसरणाऱ्या लेपाचं लांब मळसूत्र असलेलं तसं साधन केलं. एकाच दिशेनं फिरवत राहायचं, बूच आपोआप वर येतं. ते घरासाठी उत्तम आहे. खिशातलं साधन मात्र उभं राहून काम करणाऱ्याचं.

मग तिथे आणखी एक पेच येतो. मुरलेल्या वेटरला माझ्या आकृतीची गरज नसते. तो पाच वेढ्यांच्याच मळसूत्रानं लांब बूच काढतो. चार वेढे आत घालायचे, पहिल्या खाचेवर थोडं उचलायचं, मग उरलेला वेढा आत फिरवायचा आणि पुन्हा उचलायचं. ही युक्ती हातात असते, हत्यारात नाही. मी सहावा वेढा वाढवतो तेव्हा त्या हाताची किंमत थोडी कमी करतो. कौशल्य माणसातून काढून वस्तूत भरणं हा तर आमचा धंदाच आहे. पण नवख्या मुलाला पहिल्या महिन्यात ते कौशल्य नसतं, आणि शिकायची किंमत त्यानं लोकांसमोर मान खाली घालून का मोजावी? मुरलेल्याकडे बुचापलीकडचं पुष्कळ शिल्लक राहतं. तेव्हा या व्यवहारात मी नवख्याच्या बाजूनं आहे.

*

यावर कुणी म्हणेल, बूचच काढून टाका. हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडे ते बऱ्याच अंशी झालंच आहे. नारायणगावला १९८० च्या दशकात फेसाळ वाइन तयार होऊ लागली, नाशिकजवळ सुलाची वाइन २००० साली बाजारात आली, २००१ साली राज्याचं द्राक्ष-वाइन धोरण आलं. आज सुलाच्या बहुतेक बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. मनगटाला एक झटका दिला की काम झालं. त्याच्याही आधीपासून आपल्याला गोटी सोडा माहीत आहे. हायरम कॉड यांनी १८७० च्या दशकात आणलेली ती बाटली आतल्या वायूनंच गोटी वर दाबून स्वतःला बंद करते. उघडायला एक बोट पुरतं.

प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न उरूच न देणं श्रेष्ठ, असं आम्हाला शिकवतात. न लिहिलेल्या कोडमध्ये बग नसतो. पण इथेही तीच फूटपट्टी लावावी लागते. खरं बूच म्हणजे पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या झाडाची साल. (पुण्याच्या रस्त्यांवर पांढऱ्या, सुगंधी फुलांचा सडा घालणारं आपलं बुचाचं झाड वेगळं. त्याची साल हलक्या प्रतीच्या बुचासाठी वापरत, म्हणून ते नाव.) त्या ओकची साल साधारण दर नऊ वर्षांनी सोलतात, झाड तोडत नाहीत. सालीला गिऱ्हाईक आहे म्हणून ती वनं राखण्यात लोकांना रस आहे. सगळ्या जगानं झाकण फिरवायला सुरुवात केली तर वेटरचा त्रास संपेल आणि त्या वनांचा सुरू होईल. ५४ मिलिमीटरच्या लांबीत थोडी प्रतिष्ठाही मिसळलेली आहे, हे मान्य. पण एखादी रीत निरर्थक वाटली तरी तिला धरून कोण उभं आहे, हे पाहिल्याशिवाय ती उपटू नये.

*

आणि फूटपट्टी आहे तर ती स्वतःच्या आकृतीलाही लावायला हवी. धायरीत रायकर मळ्याच्या बाजूला एका गाळ्यात लेथ चालवणारे एक काका आहेत. त्यांना मी ती दाखवली. त्यांनी चष्मा वर करून तिसऱ्या खाचेच्या सांध्यावर बोट ठेवलं. "हा रिव्हेट वाढला. रिव्हेट वाढला की ढिलेपणा वाढतो. आणि हे घासणार कोण? इथे पोराच्या नखात जाणार हे."

दोन वाक्यांत त्यांनी माझा हिशेब पूर्ण केला. मी फक्त बाटलीपाशी उभ्या असलेल्या मुलाचा विचार केला होता. गाळ्यात नगावर पैसे घेऊन पॉलिशच्या चाकासमोर बसलेला मुलगाही या तरफेच्या एका टोकाला आहे. तिसरी खाच म्हणजे प्रत्येक नगामागे एक भोक, एक रिव्हेट आणि एक अरुंद खोबण जास्त, आणि ती खोबण बोटानंच साफ करायची. त्या बदल्यात टेबलापाशी मिळतं काय, तर तीन मिलिमीटरच्या जागी दीड. एवढ्यानं बुचाला काही फरक पडत नाही. पडतो तो माझ्या आकृतीच्या देखणेपणाला.

सहाव्या वेढ्याचं तसं नाही. तार थोडी जास्त लागते आणि गुंडाळणारं यंत्र एक फेरा जास्त मारतो. कुणाच्या नखात काही जात नाही. मिळतं मात्र भरपूर, बुचाचा तुटणारा भाग पकडीत येतो.

म्हणून तिसरी खाच मी खोडली आणि सहावा वेढा ठेवला. या कॉर्कस्क्रूनं टँकरची रांग एका बादलीनंही कमी होणार नाही, मित्राचं तेवढं म्हणणं तसंच उभं आहे. पण काम मोठं की क्षुल्लक, हा प्रश्न मला आता पहिला वाटत नाही. सोमवारी ऑफिसात नवं फीचर समोर आलं की मी आधी विचारणार आहे: यातला रिव्हेट कुणाच्या नखात जाणार?