समाचाराचं बीजगणित

वर्गसमीकरण हा मोठा हट्टी प्राणी. फार तर दोन उत्तरं मान्य करील. तिसरं दारात उभं राहिलं की चूक! त्यामानाने वर्ग असमीकरण मला समंजस वाटतं. ते आकडा मागत नाही. 'या ओसरीवर कुठंही टेका' म्हणतं.

आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याचंच घ्या. किती वेळ बसावं? प्रश्न नीतीचा आहे. दहा मिनिटांच्या आत उठलात, तर 'आले होते हजेरी लावायला!' अर्ध्या तासापलीकडे गेलात, तर आत भांडी जरा जोरातच ठेवली जाऊ लागतात. म्हणजे मिनिटं 'क्ष' धरली, तर (क्ष − १०)(क्ष − ३०) हा गुणाकार शून्याहून लहान हवा. त्यासाठी एक कंस धन आणि दुसरा ऋण पाहिजे. क्ष ५ असेल तर दोन्ही कंस ऋण, ४० असेल तर दोन्ही धन. गुणाकार दोन्हीकडे धनच. गंमत पाहा, टेकल्यासारखं करून पळणारा आणि ठाण मांडून बसणारा, बीजगणिताच्या लेखी दोघंही एकाच माळेचे मणी!

मग बरोबर मध्य, म्हणजे २० मिनिटं, हाच काय तो सदाचार? छे! ११ चालतील, २९ही चालतील. दहा फार आणि दोन थोडे, म्हणून सहाच योग्य, हा हिशेब माणसाला लागू पडत नाही, असं सद्गुण मध्यात शोधणाऱ्या ॲरिस्टॉटलनंच बजावून ठेवलंय. चांगुलपणा हा ठिपका नव्हे, पट्टा आहे.

बरोबरीचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली छापलं; लहान-मोठ्याची चिन्हं थॉमस हॅरियटच्या पुस्तकात आली १६३१ साली, तीही तो वारल्यावर. समता आधी सुचली आणि लहान-मोठेपणा पाऊणशे वर्षांनी, असं फक्त गणितातच घडू जाणे!

पण खरी मेख पुढंच आहे. हे १० आणि ३० ठरवले कुणी? काही माणसं अशी, की पाच मिनिटं बसा नाही तर पाच तास, नावं ठेवणारच. त्यांचं असमीकरण क्ष² + १ < ० या जातीचं; उत्तरच नाही. तिथं मनाला लावून घेऊ नये. आणि एखादे आजोबा असे, की मुलं परगावी, घरात घड्याळाची टिकटिक तेवढी सोबतीला. आपण उठायला लागलो की 'चहा टाकतो' म्हणतात. टाकायला उठवत मात्र नाही. त्यांच्या गणितात दुसरा कंसच नसतो. क्ष १०पेक्षा मोठा, एवढंच. तिथं 'नियमानं' तिसाव्या मिनिटाला उठणारा सभ्य खरा, पण त्यानं दुसऱ्याचंच गणित सोडवलेलं असतं.

असमीकरण सोडवणं सोपं हो. आधी मुळं शोधावी लागतात, आणि ती आजाऱ्याच्या डोळ्यांत असतात, आपल्या मनगटावर नव्हे. ती न पाहता जो जातो, त्याच्या समाचाराला जाण्यात आणि समाचार घेण्यात फारसा फरक उरत नाही.