दुबार पेरणी

आमच्याकडं कुठलंही काम ठरवताना माणूस शेवटी म्हणतो, "पावसानं साथ दिली तर." पोरीचं लग्न, घरावरचे पत्रे, बँकेचा हप्ता, सगळं त्या एका 'तर'वर टांगलेलं. आम्ही ख्रिस्ती घरातली माणसं त्याला आणखी एक 'तर' जोडतो, "प्रभूची इच्छा असेल तर." पण पाऊसही आला नाही आणि ठरवलेलंही झालं नाही, मग त्या इच्छेचं काय समजायचं? लातूर-नांदेडकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न दर चार-दोन वर्षांनी पडतोच.

२०१५ सालची गोष्ट. जूनमध्ये बरा पाऊस झाला आणि थोरल्या भावानं सोयाबीन पेरलं. बी उगवून दोन-चार पानांवर आलं आणि आभाळ कोरडं झालं. जुलै सगळा वाऱ्यात गेला. दिवसभर ढग पळायचे, थेंब पडायचा नाही. रोपं माना टाकून करपली. भावाची मुलगी तेव्हा बारावी झालेली. तिला नर्सिंगला पाठवायचं ठरलं होतं. फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे दुबार पेरणीच्या बियाण्यात आणि खतात गेले. ती पेरणीही हाती लागली नाही. पोरगी त्या वर्षी घरीच राहिली, पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

मंडळीतली माणसं भेटायला आली. "देवानं याहून चांगलं काही योजलं असंल," असं त्यांच्यातला एक जण म्हणाला. त्याचं मन चांगलं होतं. वहिनी चहा ठेवत होती. चुलीकडं बघतच ती म्हणाली, "मग लेकराला आशा लावायचीच कशाला?" कुणी काही बोललं नाही. वहिनीचं बोलणं मला अविश्वासाचं वाटलं नाही. स्तोत्रसंहिता उघडली, तर असले प्रश्न भक्तांनी देवालाच विचारलेले जागोजागी सापडतात. ज्याच्याशी नातं आहे, त्यालाच माणूस असं विचारतो.

ठरवलेलं मोडलं की लगेच कारण देणारी दोन उत्तरं आपल्याकडं तयार असतात. एक, देवानं याहून चांगलं योजलंय. दुसरं, हे आपल्या पापाचं फळ. हे दुसरं उत्तर आम्ही लहानपणी फार ऐकलं. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरकडं भूकंप झाला. गणपती विसर्जन करून दमलेली हजारो माणसं झोपेतच गेली. पापाचा घडा भरला म्हणून देव कोपला, असं तेव्हा सगळ्याच धर्मांतली माणसं बोलायची. आमच्या पाळकसाहेबांनी त्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला शिलोहाचा बुरूज सांगितला. तो बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती इतरांहून जास्त पापी होती का, असं येशूनं विचारलं, नाही असं उत्तरही दिलं, आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडं बघायला लावलं. किल्लारीत माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद अंगावर आल्यामुळं. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून वाडवडिलांनी तसं बांधलेलं. त्यांचा बेत वाईट नव्हता. जमीन हलेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. "भितीचा दोष देवाच्या माथी मारू नका," एवढंच पाळकसाहेब म्हणाले.

मग भरवसा कशाला म्हणायचं? मला त्याचं उत्तर गेथशेमानेच्या बागेत सापडतं. आपल्यापुढचा प्याला टळावा, असं येशूनं बापाजवळ मागितलं. प्याला टळला नाही. त्यानं मागणं लपवलं नाही, आणि मिळालं नाही म्हणून बापाला बाप म्हणणंही सोडलं नाही. जुन्या करारातला हबक्कूक तर मला मराठवाड्यातलाच वाटतो. रानात अन्न नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. पीक येईलच, असं तो कुठं म्हणत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. पाण्यासाठी आम्ही वर आभाळाकडं बघत प्रार्थना करत होतो, आणि पाणी आलं रुळावरून, अनोळखी माणसांच्या हातून. त्या पाण्यानं भावाचं रान भिजलं नाही, हेही खरंच. पण त्या मृगाला आणखी एक गोष्ट घडली. 'चांगलं योजलं असंल' म्हणणारा तोच माणूस सकाळी आला आणि सोयाबीनची एक थैली भावाच्या ओट्यावर ठेवून गेला. त्या दिवशी त्यानं उपदेशाचा एक शब्द काढला नाही.

पुतणी नर्स झाली नाही. त्याहून चांगलं काय झालं, हे मला दाखवता येत नाही, आणि ओढून-ताणून दाखवायचंही नाही. भाऊ मात्र अजून पेरतो. तिफण जुंपायच्या आधी मूठभर बी हातात घेऊन डोळे मिटतो. आता तो बियाण्याची उगवण घरीच गोणपाटात तपासतो, सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी धरतो आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय रानाला हात लावत नाही. देवावर भरवसा आहे, तर एवढं मोजमाप कशाला, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "पाऊस त्याचा हाय. बी तर माझं हाय की."