साक्षीदार क्रमांक दोन

बायबल आमच्या घरात फार उशिरा आलं. आम्ही खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीचे. घर माळकरी, संध्याकाळी हरिपाठ. 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं नाव मला आधी माहीत झालं ते हरित वसईच्या आंदोलनामुळे. शेतं-वाड्या वाचवायला रस्त्यावर उतरलेला धर्मगुरू ज्या ग्रंथातून बळ घेतो, त्यात जमिनीबद्दल काय आहे, असं कुतूहल वाटलं. नोकरीतल्या एका वसईकर मित्राकडे मागितलं, तर त्याने घरातली जुनी प्रत दिली. वाचता वाचता मी 'राजे' या पुस्तकाच्या पहिल्या भागात, २१व्या अध्यायात अडकलो. तिथून अजून सुटलेलो नाही.

गोष्ट नाबोथाची. इज्रेल गावात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने भाव दिला, बदल्यात दुसरा चांगला मळाही देऊ केला. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा रुसून, जेवण टाकून पलंगावर पडला. राणी ईजबेलने मग राजाच्या नावाने, राजाची मोहोर लावून गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं पाठवली: उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे बसवा, दोन माणसं उभी करा आणि याने देवाची व राजाची निंदा केली अशी साक्ष त्यांच्याकडून वदवा. सगळं पत्रात लिहिल्यासारखं झालं. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा एलीया संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला. खून केलास आणि वर ताबाही घेतलास, हे त्याने राजाला तोंडावर सुनावलं.

एलीया आम्हा रायगडकरांना परका नाही. आमच्या जिल्ह्यातले बेने इस्राएल, म्हणजे गावोगावचे शनवार तेली, त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात (बोरघाटातल्या नव्हे) तो येऊन गेला, तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा. त्याच्या नावाने पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करतात. नवस बोलावा, मलिदा खावा असा हा आपल्यातला संदेष्टा. त्याने राजाला जमिनीबद्दल हटकलं होतं, हे मात्र मला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं.

आमच्या भागातल्या माणसाने ही गोष्ट वाचली, की तो लगेच नाबोथाच्या जागी जाऊन बसतो. मीही बसलो. अहाब कोण हे सांगायला नकोच. कर्जत-खालापुरात कुठेही बघा, माळावर कुंपण, कुंपणाला फाटक आणि आत फार्महाऊस. पेण तालुक्यातल्या २२ गावांना २००८ साली महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची का, असं मतदान घेऊन विचारलं गेलं, ते आठवलं. नाबोथाला निदान एवढं तरी कुणी विचारलं, असंही मनात आलं. मग लक्षात आलं, की तिथे विचारलं गेलं ते खातेदारांना. सातबाऱ्यावर ज्याचं नावच नाही, त्याला कोण विचारतो?

इथून पुढे मला नाबोथाच्या जागेवर बसवेना.

बारा वर्षांपूर्वी माझ्या काकांनी तीन एकर वरकस विकलं. त्या माळाच्या कडेला कातकऱ्यांची दोन खोपटं होती, आजोबांच्या वेळेपासूनची. ते आमचे आंबे राखायचे, गवत कापायचे. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जायचे, पाऊस तोंडावर आला की परत. खरेदीखत झालं ते मार्चमध्ये. खोपटं रिकामी, कुडं मोडलेली. जमिनीवर कुणाचाही ताबा किंवा वहिवाट नाही, असं वाक्य दस्तात होतं. काकांनी मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. मी ते वाक्य वाचलं आणि सही केली. साक्षीदार क्रमांक दोन. त्या वर्षीच्या सप्त्याचा महाप्रसाद काकांनी दिला, गावाने नाव काढलं. जूनमध्ये ती माणसं परत आली, कुंपणाबाहेर थोडा वेळ उभी राहिली आणि पलीकडच्या वाडीवर नातेवाईकांकडे निघून गेली. भांडली नाहीत. मला त्याचं बरंच वाटलं होतं.

आता अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा माझी जागा सापडली. ईजबेलची पत्रं ज्यांना आली, त्या वडीलधाऱ्यांची नावंही गोष्टीत नाहीत. त्यांनी दगड मारायचं ठरवलं नव्हतं, मळा त्यांना नको होता. आलेल्या कागदाप्रमाणे त्यांनी केलं आणि झाल्याचं कळवलं. ही पुढची शिक्षा त्यांना कुणी सुनावत नाही. उपासाचा दिवसही मला तेव्हा नव्याने दिसला. ज्या दिवशी सगळं गाव देवापुढे जमतं, तोच दिवस त्यांनी अन्यायासाठी निवडला होता.

सुटकेची एक वाट मी शोधून पाहिली. नाबोथाचं वतन तरी मुळात कुणाचं? यहोशवाच्या पुस्तकात तो देश आधीच्या लोकांना तलवारीने हटवून वाटून घेतल्याचं सरळ लिहिलं आहे. आमचं 'वडिलोपार्जित' वरकससुद्धा आजोबा कुळ होते म्हणून कूळकायद्याने मिळालेलं. १ एप्रिल १९५७ला कायद्याने कसणाऱ्याला मालक मानलं. राखण करणारा, गवत कापणारा कातकरी कुळात मोडला नाही. मग कुणाचाच हक्क शुद्ध नाही, तर अपराध तरी कसला, असा युक्तिवाद मी स्वतःशी केला. तो टिकला नाही. लेवीयच्या २५व्या अध्यायात देव म्हणतो, की जमीन माझी आहे, तुम्ही इथे उपरे आहात. जमीन कायमची विकू नये, ५०व्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जावी. आपण सगळेच उपरे असू, तर दुसऱ्या उपऱ्याला खोट्या वाक्याने पुसून टाकायचा अधिकार मला कुठून आला?

अहाबाने पुढे गोणपाट नेसलं, उपास केला. देवाने त्याची शिक्षा त्याच्या मुलाच्या काळावर ढकलली. मळा मात्र कुणालाही परत मिळाला नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच खुपतं. पश्चात्ताप केला तो राजाने, आणि त्यातून हलकाही तोच झाला.

गेल्या वर्षी त्या खोपटांपैकी एकातला मुलगा, आता बापमाणूस, मला खोपोलीच्या बाजारात भेटला. घरकुलाच्या अर्जासाठी जुन्या रहिवासाचा पुरावा हवा होता. "दादा, आम्ही तुमच्या माळावर राहत होतो, एवढं लिहून द्याल का?" त्याने ते उपकार मागितल्यासारखं विचारलं. मी आठ दिवस टाळलं. ते लिहून देणं म्हणजे माझी आधीची सही खोटी होती असं लिहून देणं. काकांच्या मुलाने मला हेच सांगितलं, आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

मी लिहून दिलं. किती वर्षं राहिले, खोपटं कुठे होती, कधी मोडली, सगळं. चुलतभाऊ आता बोलत नाही. घरकुल अजून झालेलं नाही. माळावर लॉन आहे, शनिवार-रविवार तिथे दिवे लागतात. नाबोथाचा मळा नाबोथाला मिळाला नाही, तसंच हेही.

वसईकर मित्राला हे सगळं सांगितलं. वाटलं, तो म्हणेल की देव क्षमा करतो. त्याने विचारलं, "पहिला साक्षीदार कोण होता?"

तो अजून गावातच आहे. त्याच्याकडे जायचं आहे.